वाघिणीचे दूध आणि शब्दांच्या पुड्या

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ हे बिरुद जोडले गेले, ते पिढ्यान् पिढ्या घरटी एक तरी पुरुष सैन्यात धाडण्याच्या रीतीमुळे. पहिल्या महायुद्धापासून या गावाने आपली माणसे रणांगणावर पाठवली आहेत. देशातील पहिली सैनिक शाळा २३ जून १९६१ रोजी साताऱ्यात उघडली, तेव्हा राज्याच्या मुख्यमंत्रिपदी कऱ्हाडचे यशवंतराव चव्हाण होते. पुढच्याच वर्षी चिनी आक्रमणाने देश हादरला आणि तेच संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. अशा या मुलखात पहाटेच्या अंधारात डांबरी रस्त्यावरून धावणाऱ्या पोरांच्या पावलांचा आवाज ही नवलाची गोष्ट नाही. नवलाची आणि खेदाची गोष्ट निराळीच आहे. शिपाई म्हणून भरती होण्यासाठी जीव तोडून धावणारा हा तरुण अधिकारीपदाच्या दारापाशी आला, की त्याचे पाय लटपटू लागतात. त्या दाराशी आधी छाती मोजली जात नाही, शब्द मोजले जातात.

राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या लेखी प्रवेशपरीक्षेचे गुण ९००. त्यांपैकी ३०० गणिताचे आणि ६०० सामान्य क्षमता चाचणीचे. या ६०० मध्ये २०० गुण केवळ इंग्रजीचे. गणिताचे आणि सामान्य ज्ञानाचे प्रश्न हिंदीतही छापलेले असतात, इंग्रजीच्या भागाला मात्र पळवाट नाही. समानार्थी शब्द, विरुद्धार्थी शब्द, वाक्प्रचार, वाक्यातील चूक ओळखणे, विस्कटलेली वाक्ये लावणे, असा तो सारा मामला; आणि उत्तर चुकले की एकतृतीयांश गुणांची वजावट. पदवीनंतरच्या संयुक्त संरक्षण सेवा परीक्षेत इंग्रजीची शंभर गुणांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे. कर्मचारी निवड आयोगाने २०२३ पासून काही परीक्षा मराठीसह तेरा भाषांत घ्यायला आरंभ केला, ही आनंदाची वार्ता खरीच. पण इंग्रजीचा विभाग म्हणून जो असतो तो इंग्रजीतच असतो. आणि २०२२ च्या अग्निपथ योजनेनंतर तर हा प्रश्न अधिकच निकडीचा झाला आहे. चार वर्षांची सेवा आटोपून, जास्तीत जास्त चौथा हिस्सा कायम झाल्यावर, उरलेले अग्निवीर पंचविशीच्या आत-बाहेर गावी परततील. त्यांच्यापुढे पुन्हा परीक्षाच आहेत, आणि परीक्षांच्या वाटेवर पुन्हा इंग्रजी.

या दोनशे गुणांच्या धास्तीवर एक भलामोठा बाजार उभा राहिला आहे. साताऱ्याच्या राजवाड्यापासून सांगलीच्या विश्रामबागेपर्यंत भिंती आणि विजेचे खांब पाहावेत. महिन्यात दोन हजार शब्द, पंधरवड्यात इंग्रजीवर प्रभुत्व, हमखास यश! जणू शब्द म्हणजे वाण्याच्या दुकानातील पुड्या. पैसे मोजावेत, पिशवीत भराव्यात आणि घरी आणून डब्यात ओताव्यात. वर्गात मिळते काय? अकारविल्हे लावलेली एक यादी. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे एक मराठी प्रतिशब्द, आणि पुढच्या तासाला त्यावर चाचणी. माण-खटावच्या किंवा जत-आटपाडीच्या कोरडवाहू रानात राबणाऱ्या बापाने उसनवारी करून भरलेल्या शुल्काचे हे फळ. यादी अकारविल्हे असल्याने विद्यार्थी दरवेळी नव्या उमेदीने पहिल्या पानापासून सुरुवात करतो. परिणामी ‘ॲबडिकेट’, ‘ॲबेरेशन’, ‘अभॉर’ हे शब्द त्याला झोपेतही सांगता येतात. ‘एम’पाशी त्याचा श्वास फुलतो आणि ‘टी’चे तोंड तो सहसा पाहत नाही. नॉर्मन लुईस यांचे ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ हे १९४९ सालचे पुस्तक अभ्यासिकांतून हटकून दिसते. ते वस्तुतः यादीचे पुस्तक नाहीच, धातूंवरून शब्द उलगडण्याचे पुस्तक आहे. पण त्याचीही यादी करून वाटणारे महाभाग निघालेच.

यादीने नेमका कोणता घात होतो, हे एका शब्दावरून कळावे. ‘सँक्शन’ हा शब्द खेड्यातल्या निरक्षर म्हातारीलाही ठाऊक आहे. सोसायटीचे कर्ज सँक्शन झाले, घरकुल सँक्शन झाले, म्हणजे मंजूर झाले. यादीतही ‘सँक्शन : मंजुरी’ असेच लिहिलेले असते. आता हाच विद्यार्थी वर्तमानपत्रात वाचतो, की २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण केल्यावर पाश्चात्त्य राष्ट्रांनी रशियावर ‘सँक्शन्स’ लादली. मंजुरी लादली? त्याची मती गुंग होते. मंजुरी आणि निर्बंध हे परस्परविरुद्ध अर्थ एकाच शब्दात नांदतात, कारण मुळात त्या शब्दामागे धर्माज्ञेसारखी एक कल्पना आहे : अधिकाराने घालून दिलेला नियम, मग तो परवानगी देणारा असो वा शिक्षा करणारा. ही कल्पना ज्याला समजली त्याला दोन्ही अर्थ फुकटात मिळाले. ज्याने पुडी घेतली त्याच्या हाती अर्धा शब्द आला, आणि परीक्षेत अर्धा शब्द हा न आलेल्या शब्दाहून घातक. न आलेला शब्द माणूस सोडून देतो. अर्ध्या शब्दावर तो विश्वासाने खूण करतो.

या दुर्दशेचे खापर कोणावर फोडायचे? पहिला वाटा शासनाचा. २००० साली मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. त्याआधी ते पाचवीपासून होते. निर्णय बरा की वाईट यावर त्या काळी बरीच शाई खर्ची पडली. परंतु पहिलीच्या वर्गावरील ज्या गुरुजींना स्वतःला इंग्रजीचे दोन वाक्य सलग बोलण्याची सवय नव्हती, त्यांच्याच हाती ते पुस्तक सोपवले गेले, यावर मात्र फारसे कोणी बोलले नाही. चार वर्षे आधी सुरू झालेल्या इंग्रजीने चार वर्षे आधी सुरू झालेली धास्ती तेवढी दिली. दुसरा वाटा मार्गदर्शक पुस्तकांचा आणि ते विकत आणून देणाऱ्या पालकांचा. ‘कुमारभारती’तला धडा न वाचता त्याची उत्तरे पाठ करून दहावीला ऐंशी-नव्वद गुण मिळवता येतात, हे एकदा कळल्यावर भाषा शिकण्याचे कष्ट कोण घेईल?

तिसरा वाटा बोलून दाखवायला अवघड, पण टाळून चालणार नाही. तो समाजातील शिकल्या-सवरल्या, राष्ट्रीय विचारांच्या म्हणवणाऱ्या कुटुंबांचा आहे. बौद्धिकात मेकॉलेचा उद्धार होतो. १८३५ च्या त्याच्या टिपणाने या देशाचा कसा बुद्धिभेद केला, याचे वर्णन ऐकून माना डोलतात. आणि जूनमध्ये तीच मंडळी नातवाच्या इंग्रजी माध्यमाच्या प्रवेशासाठी रांगेत उभी असतात. रांगेत उभे राहण्याबद्दल दोष देण्याचे कारण नाही, प्रत्येक बाप आपल्या लेकराचे हित पाहतो. पण गावातील मराठी शाळेत मागे राहिलेल्या मुलाचे इंग्रजी कसे सुधारेल, याचा विचार त्या रांगेत कोण करतो? मेकॉलेला शिव्या देणे फुकट असते. शेजारच्या मुलाला रोज अर्धा तास शब्दकोश उघडून शिकवणे महाग पडते.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नावाशी ‘वाघिणीचे दूध’ हा शब्दप्रयोग कायमचा जोडला गेला आहे. इंग्रजी विद्येला त्यांनी ही उपमा दिली आणि स्वतः मात्र आयुष्यभर मराठी लेखणी चालवली, यात ज्यांना विसंगती दिसते त्यांना त्या पिढीचे मर्मच उमगलेले नाही. १८८० साली पुण्यात त्यांनी टिळकांना साथीला घेऊन जी शाळा काढली, तिचे नाव न्यू इंग्लिश स्कूल. लवकरच तिला येऊन मिळालेले गोपाळ गणेश आगरकर हे कऱ्हाडजवळच्या टेंभूचे, जन्म १८५६. आगरकरांच्या सामाजिक मतांशी ज्यांचे पटत नाही त्यांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शेक्सपिअरचे ‘हॅम्लेट’ त्यांनी ‘विकारविलसित’ या नावाने मराठीत आणले आणि मराठीच्या वाक्यरचनेवर ‘वाक्यमीमांसा’ हा ग्रंथ लिहिला. परक्या भाषेत इतक्या खोल उतरलेला माणूस स्वभाषेच्या व्याकरणाची चिकित्सा करीत बसला होता. त्याची दोन्ही टोके एकाच दोराची होती. ‘दिनांक’, ‘महापौर’, ‘हुतात्मा’ असे शब्द मराठीला देणारे स्वातंत्र्यवीर सावरकरही १८५७ च्या समराची साधने धुंडाळत बसले ते लंडनच्या इंग्रजी दप्तरातच.

आणि साताऱ्याचा स्वतःचा वारसा तर याहून जुना आहे. १८३९ मध्ये कंपनी सरकारने छत्रपती प्रतापसिंह महाराजांना पदच्युत केले. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते विलायतेला गेले आणि सुमारे चौदा वर्षे तेथे झुंजत राहिले. धन्याचा १८४७ मध्ये काशीस अंत झाला, १८४८ मध्ये राज्य खालसा झाले, तरी हा माणूस हटला नाही. इंग्रजांच्या राजधानीत, इंग्रजांच्याच भाषेत पत्रके आणि निवेदने छापून त्याने कंपनीच्या भागधारकांना त्यांच्याच वचनांचा जाब विचारला. तहातील एकेका शब्दाचा कीस पाडला. खटला हरला, पण तो शब्द कमी पडले म्हणून नव्हे. समोरच्यांची दानत कमी पडली म्हणून. मायदेशी परतलेल्या रंगो बापूजींनी १८५७ मध्ये दुसरी वाट धरली, तो इतिहास सातारकरांना सांगण्याची गरज नाही. परकीय भाषेची धास्ती घेतली असती, तर त्यांना मुंबईच्या बंदरावरूनच परत यावे लागले असते.

आता याच्या उलट बाजूचे उदाहरण. मोल्सवर्थ हा कंपनीच्या फौजेतील अधिकारी. कंपनीच्या गोऱ्या अधिकाऱ्यांना देशी भाषांच्या परीक्षा द्याव्या लागत, म्हणजे त्या काळी परीक्षार्थी तो आणि परकी भाषा मराठी! त्याने पंडितांना हाताशी धरून मराठी-इंग्रजी शब्दकोश रचला; पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी १८५७ ची, सुमारे साठ हजार शब्दांची. त्यात कुणब्याच्या बोलीतले शब्द आहेत, म्हणी आहेत, एकाच क्रियापदाच्या पाच-सात छटा उदाहरणांसह आहेत. मराठी मुलखावर राज्य करायचे तर मराठी शब्द कोणत्या माणसाच्या तोंडी, कोणत्या प्रसंगी आणि कोणत्या सुरात येतो हे कळले पाहिजे, हे त्या परक्याला समजले. आणि इंग्रजीच्या परीक्षेला बसणारा इथला तरुण चाळीस पानांच्या पुस्तिकेवर विसंबतो! शब्दसंग्रह ही राज्यकर्त्यांची विद्या आहे, ही जाण शिवछत्रपतींनाही होती. रघुनाथपंतांकरवी ‘राज्यव्यवहारकोश’ त्यांनी उगाच करवून घेतला नाही.

शब्दांची बांधणी समजून घेण्यासाठी सातारकराला दूर जाण्याचेही कारण नाही. कृष्णाकाठचे वाई हे कोशांचेच गाव. केवलानंद सरस्वतींचा ‘मीमांसाकोश’, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचा ‘धर्मकोश’ ही तेथली निर्मिती. आणि मराठी विश्वकोशाचे कामही तेथूनच चालले. त्याचा पहिला खंड निघाला १९७६ मध्ये, पण त्याच्याही आधी, १९७३ मध्ये, ‘परिभाषासंग्रह’ निघाला. ज्ञान मांडण्यापूर्वी शब्द पक्के करावेत, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. या परंपरेचे मूळ धातू, उपसर्ग आणि प्रत्यय यांच्या शिस्तीत आहे. ‘हृ’ या एका धातूला उपसर्ग लागत गेले, की प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार अशी रांग उभी राहते. एक धातू आणि पाच उपसर्ग समजले, की पाच शब्द पाठ करावे लागत नाहीत. इंग्रजीतील अवघड समजले जाणारे बहुतांश शब्द लॅटिन आणि ग्रीक या भाषांतून आलेले आहेत, आणि त्यांची घडण अगदी अशीच आहे. लॅटिनमधील ‘फेर’ म्हणजे वाहून नेणे, संस्कृतातील ‘भृ’चा सगा भाऊ. त्याच्यापासून ‘रेफर’, ‘डिफर’, ‘इन्फर’, ‘ट्रान्स्फर’, ‘सफर’. ‘स्पेक्ट’ म्हणजे पाहणे, ‘पश्य’चा भाऊबंद : आत पाहतो तो ‘इन्स्पेक्टर’, मागे वळून पाहणे ते ‘रिट्रोस्पेक्ट’, चहूकडे पाहून पाऊल टाकणारा तो ‘सर्कम्स्पेक्ट’. हा शेवटचा शब्द यादीत ‘सावध’ एवढ्या तीन अक्षरांत उरकलेला असतो.

‘इग्नाइट’मध्ये अग्नी आहे, ‘डेंटल’मध्ये दंत, ‘मॉर्टल’मध्ये मर्त्य, ‘डोनर’मध्ये दान. ‘नेव्ही’ आणि नौदलातील ‘नौ’ ही एकाच घरची भावंडे. ‘इग्नोरन्स’ची फोड केली तर नकार आणि ‘ज्ञा’ असे दोनच तुकडे हाती येतात, म्हणजे थेट अज्ञान. पण शेतकऱ्याच्या पोराने कायम स्मरणात ठेवावा असा शब्द आहे ‘सब्जुगेट’. ‘सब’ म्हणजे खाली, ‘जुगम’ म्हणजे जू. बैलाच्या मानेवरचे जू, जे संस्कृत ‘युग’पासून मराठीत आले. सब्जुगेट करणे म्हणजे जुवाखाली आणणे. ज्याने बैल जुंपताना पाहिला आहे, त्याला हा शब्द यादीतून शिकवावा लागत नाही. ‘इम्पीड’ म्हणजे पायात खोडा घालणे आणि ‘एक्स्पिडाइट’ म्हणजे तो खोडा काढून पाय मोकळे करणे. दोहोंत ‘पद’ लपलेले. शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलालाही बहुधा हे कोणी सांगितलेले नसते.

येथे एक पथ्य मात्र पाळले पाहिजे. ही साम्ये पाहून सारी इंग्रजी संस्कृतातूनच निघाली, असे व्यासपीठावरून ठोकून देणाऱ्यांची कमतरता नाही. टाळ्या मिळतात, पण विद्यार्थी फसतो. सर विल्यम जोन्सने १७८६ मध्ये कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे नाते सांगितले, ते समान उगमातून आलेल्या बहिणींचे. संस्कृतच्या थोरवीला खोट्या वंशावळीची गरज नाही, आणि ध्वनिसाम्यावर विसंबून अर्थ लावणारा विद्यार्थी परीक्षेत आपटतो. ‘इन्फ्लेमेबल’ म्हणजे न पेटणारे, असा अर्थ करणारे अनेक सापडतील. तो शब्द चटकन पेट घेणाऱ्या वस्तूसाठी आहे. उलट ‘इन्व्हॅल्युएबल’ म्हणजे बिनमोलाचे, टाकाऊ, असे समजणाऱ्याने आपल्याच भाषेतील ‘अमूल्य’ या शब्दाकडे पाहिले असते तर घोटाळा टळला असता. दोन्ही भाषांनी नकारातूनच सर्वोच्च मोल सांगितले आहे. संस्कृत घेणारी मुले आठवीपासून ते शिकतात खरी, पण गुण चांगले पडतात म्हणून. रूपे पाठ, पुस्तक बंद. आणि मग तोच मुलगा बाहेर जाऊन म्हणतो, की शब्दसंग्रहासाठी क्लास लावला पाहिजे!

बोली व्यवहारात तर याहून मोठा साठा पडून आहे. तासगावच्या द्राक्षबागायतदाराला विचारावे. तो ‘थिनिंग’ करतो, ‘डिपिंग’ करतो, ‘कॅनॉपी’ सांभाळतो, निर्यातीच्या मालात ‘रेसिड्यू’ राहू नये म्हणून झोप उडवून घेतो, छाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून ‘डॉर्मेक्स’ लावतो. हे औषध वेलीची ‘डॉर्मन्सी’ मोडते, म्हणून त्याचे ते नाव. ‘डॉर्मंट’, ‘रेसिड्युअल’, ‘कॅनॉपी’ हे शब्द स्पर्धापरीक्षांच्या यादीत प्रगत म्हणून छापलेले असतात. बाप ते बागेत वापरतो आणि मुलगा तेच सांगलीत पैसे देऊन विकत घेतो. कारखान्याच्या गाळपाच्या दिवसांत ‘रिकव्हरी’ हा शब्द चावडीवरच्या प्रत्येक तोंडी असतो. तो उसातून निघणाऱ्या साखरेचा उतारा सांगतो, आजारातून उठणेही सांगतो आणि कर्जवसुलीही सांगतो. एवढा धडा चावडीवर फुकट मिळत असता त्याच्याकडे शिक्षकाने पाहायचे नाही, हा कोणता न्याय?

विटा, खानापूर, आटपाडी या भागातील गलाई व्यावसायिकांचे उदाहरण तर डोळ्यांत अंजन घालणारे आहे. सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायासाठी ही माणसे केरळ, तमिळनाडूपासून बंगालपर्यंत पसरली. बहुतेकांचे शिक्षण बेताचे. पण मदुरेच्या किंवा कोईमतूरच्या सराफकट्ट्यावर बसलेला विट्याचा पोरगा वर्ष-दोन वर्षांत असे तमिळ बोलतो, की तेथला सराफ त्याच्याशी तोळ्या-गुंजांचा हिशेब निःशंक करतो. त्याला कोणी यादी दिली नव्हती. शब्द चुकला तर सोने चुकते, म्हणून त्याने प्रत्येक शब्द माणसाच्या तोंडून, वाक्यात आणि व्यवहारात ऐकला आणि त्याच दिवशी वापरून पाहिला. खेड्यातल्या मुलाला भाषा येत नाही, त्याची जिभ जड असते, हे जे सुशिक्षितांचे लाडके मत आहे, ते विट्याच्या बसस्थानकावर एक तास उभे राहिले तरी गळून पडावे.

यावर क्लासवाल्यांचे उत्तर ठरलेले आहे. धातू, प्रत्यय, वाचन हे सारे ठीक, पण परीक्षा सहा महिन्यांवर आलेल्या मुलाने काय करावे? सहा महिन्यांत यादी तरी कोठे पूर्ण होते? रोज वृत्तपत्रातील एक उतारा, त्यातले पाचच शब्द. प्रत्येक शब्दाचे कुळ, त्याची भावंडे आणि त्याच्यावर स्वतः लिहिलेली दोन वाक्ये. मग तोच उतारा मराठीत आणि चार दिवसांनी त्या मराठीवरून पुन्हा इंग्रजीत. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांची नंतरच्या पिढ्यांनी पुष्कळ टिंगल केली. त्यातली वाक्ये विचित्र असतीलही, पण दोन्ही दिशांनी भाषांतर करण्याची ती तालीम ज्यांनी केली, त्यांचे इंग्रजी सरकारी कचेऱ्यांत तीस-तीस वर्षे खणखणीत चालले. सहा महिन्यांत पाच शब्दांच्या हिशेबाने नऊशे शब्द होतात. ते नऊशे हातचे असतात. यादीतले दोन हजार परीक्षेच्या आदल्या रात्री वाफ होऊन जातात.

दुसरे उत्तर याच्या नेमके उलट टोकाचे आहे, आणि ते अधिक गोड वाटते : इंग्रजीची अटच काढून टाका. यात तथ्य मुळीच नाही असे नव्हे. मार्च २०१३ मध्ये केंद्रीय लोकसेवा आयोगाने नागरी सेवा परीक्षेत इंग्रजीचे शंभर गुण गुणवत्तेत धरण्याचा घाट घातला होता. संसदेत गदारोळ झाल्यावर तो मागे घ्यावा लागला. २०११ मध्ये आलेल्या कल चाचणीतील इंग्रजी उताऱ्यांवरून २०१४ मध्ये दिल्लीत विद्यार्थी रस्त्यावर उतरले, तेव्हा ते गुण न धरण्याचा निर्णय झाला आणि २०१५ पासून तो पेपरच केवळ तेहेतीस टक्क्यांच्या पात्रतेपुरता उरला. ही दोन्ही आंदोलने रास्त होती. जिल्हाधिकारी होणाऱ्याची योग्यता इंग्रजीच्या नजाकतीवर ठरवणे हा अन्यायच. मात्र सेनाधिकाऱ्याचे काम निराळे. केरळचा, नागालँडचा आणि साताऱ्याचा अधिकारी एका नकाशावर उभा असतो. आज्ञा, शस्त्रांच्या माहितीपुस्तिका, मित्रराष्ट्रांशी होणारे संयुक्त सराव हा व्यवहार आजमितीस मुख्यतः इंग्रजीत चालतो. तो उद्या बदलावा म्हणून झगडणे निराळे आणि बदलेपर्यंत आपल्या मुलाने बाहेर थांबावे असे म्हणणे निराळे. २०२२ पासून प्रबोधिनीची दारे मुलींनाही उघडली आणि मे २०२५ मध्ये त्यांची पहिली तुकडी खडकवासल्याहून बाहेर पडली. कोरेगाव-वाळव्याच्या मुलींनी आता इंग्रजी हटण्याची वाट पाहत बसायचे काय?

मराठी माध्यम हीच अडचण, असे म्हणणाऱ्यांना तर सांगली-साताऱ्याने कधीच उत्तर दिले आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहात भाकरी खाऊन वाढलेले पी. जी. पाटील पुढे बॅरिस्टर झाले, शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि जोतीराव फुल्यांचे लेखन त्यांनी इंग्रजी वाचकांपुढे ठेवले. सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात इंग्रजी शिकवणारे आणि तेथे प्राचार्य असणारे वि. कृ. गोकाक कन्नडचे थोर कवी होते. त्यांना १९९० चे ज्ञानपीठ मिळाले ते कन्नड लेखनासाठी. मातृभाषा पातळ असलेल्याचे इंग्रजीही पातळच राहते, हा अनुभव कोणताही जुना इंग्रजीचा शिक्षक सांगेल. ‘प्रेजुडिस’ला पूर्वग्रह म्हणतात हे पाठ करून उपयोग काय, जर पूर्वग्रह म्हणजे काय हेच मराठीत कधी वाचले नसेल?

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, मिरवणुका निघाल्या, भाषणे झाली. त्या उत्साहातील थोडा अंश तालुक्याच्या अभ्यासिकांकडे वळला असता तर बरे झाले असते. साताऱ्यात आणि सांगलीत निवृत्त शिक्षकांची, निवृत्त सेनाधिकाऱ्यांची वाण नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळी गावच्या शाळेत बसून मुलांबरोबर एक इंग्रजी उतारा वाचायला पैसा लागत नाही, इमारत लागत नाही, शासनाची परवानगी तर नाहीच नाही. लागतो तो नेम. गणेशोत्सवाच्या मंडळाला जो हिशेबनीस मिळतो, त्याला एखादा चांगला शब्दकोश आणि धातूंचे एक पुस्तक घेऊन देणेही जड नाही.

आणि हे बारावीत आरंभून भागायचे नाही. प्रबोधिनीची परीक्षा वर्षातून दोनदा होते, अर्ज बारावीत भरता येतो; पण तिच्यातल्या दोनशे गुणांची पेरणी आठवी-नववीत व्हावी लागते. खेडोपाडीच्या बहुतेक हायस्कुलांत आठवीच्या मुलाला पुरेल इतका जाडजूड इंग्रजी-मराठी कोश आजही असतो. तो काचेच्या कपाटात ठेवलेला असतो, वार्षिक तपासणीच्या दिवशी त्याच्यावरची धूळ पुसली जाते, आणि कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात असते.